डावीकडचा चिमटा

१

औषधांचा डबा जागच्या जागी होता, झाकणही नीट लागलेलं होतं. आतली दुखण्यावरच्या जालीम गोळ्यांची पाकिटं मात्र गायब होती, आणि ती कुठे गेली याबद्दल घरात जमलेल्या प्रत्येकाचं मत तयार होतं.

"आई, तुला स्वप्न पडलं असणार," मुलगी म्हणाली. "त्या गोळीने गुंगी येते. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आणि स्वप्नाने जाताना गोळ्या नेल्या?" कोचबाईंनी विचारलं.

"तूच घेतल्या असशील गुंगीत. नाहीतर..."

मुलीने वाक्य सोडून दिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मावशी उभ्या होत्या. ऑपरेशन झाल्यापासून दिवसभर कोचबाईंना सांभाळायला येणाऱ्या, जेवणानंतर तेवढ्या घटकाभर स्वतःच्या घरी जाऊन येणाऱ्या मावशी. त्यांनी पदर तोंडाला लावला. "ताई, माझ्या हातून कधी साखरेचा दाणा इकडचा तिकडे झालेला नाही हो," एवढंच त्या म्हणाल्या.

कोचबाई म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. अर्ध्या शहरातल्या मुलींना त्यांनी अंगावर आलेल्या माणसाचा हात कसा सोडवायचा ते शिकवलं होतं. उभं आयुष्य शिकवणीच्या हॉलमधल्या गाद्यांवर गेलं, आणि शेवटी डाव्या खुब्याने राम म्हटला. डॉक्टरांनी नवीन खुबा बसवला आणि वर बंधनांची ही भली मोठी जंत्री दिली: मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कमरेतून खाली वाकायचं नाही. वाकलात तर नवा सांधा जागा सोडेल. त्यामुळे बाई आता उंच पायांच्या खुर्चीत राणीसारख्या ताठ बसत. पडलेली वस्तू उचलायला त्यांच्याकडे लांब दांड्याचा एक चिमटा होता, मूठ दाबली की टोक मिटणारा. तो खुर्चीच्या उजव्या हाताला कायम लटकलेला असे.

"हे बघ," मुलीने दारामागून एक मोठी बॅग ओढत आणली. "परवा रविवार. रविवारी तू माझ्याकडे येतेयस. आणि मावशी, तुम्हीही रविवारनंतर आला नाहीत तरी चालेल."

"अगं, आईंना इथं बरं वाटतंय तर राहू दे ना," दाराच्या चौकटीला टेकून उभे असलेले जावई म्हणाले. हा गृहस्थ घरसामान हलवायचा धंदा करायचा. बोलायला मऊ, सासूबाईंच्या प्रत्येक विनोदाला आधी हसणारा. ऑपरेशननंतर आईने स्वतःच्या घरीच राहावं म्हणणारा सगळ्या गोतावळ्यात हा एकटाच.

"तू मध्ये पडू नकोस," मुलगी म्हणाली.

"जावईबापू, तुम्ही बसा तरी," कोचबाई म्हणाल्या.

"नको आई, गाडी खाली उभी आहे."

लेकीच्या घरी काही वाईट नव्हतं. पण तिथे गेलेली म्हातारी परत स्वतःच्या घरी येत नाही, हे कोचबाईंना पक्कं ठाऊक होतं. आधी महिनाभर, मग पावसाळा होऊ दे, मग घर बंदच आहे तर भाड्याने देऊ. इथला हॉल, इथल्या मुली, इथली सकाळ, सगळं गेलं.

"रविवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "कोण आलं होतं ते मी शोधून काढते."

"या खुर्चीत बसून?"

"या खुर्चीत बसूनच." आणि त्यांनी खुर्चीच्या डाव्या हाताकडे पाहिलं. चोराने एक घोडचूक केली होती, आणि ती अजून कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

२

घडलं होतं ते असं.

मावशी घरी गेल्या होत्या. बाई आतल्या खोलीत पलंगावर पडल्या होत्या, डोळा लागत होता. हॉस्पिटलात असतो तसा वरखाली होणारा हा जड लोखंडी पलंग जावयांनीच कुठून तरी पैदा करून वर चढवला होता. बाहेरच्या खोलीत कसलासा आवाज झाला.

"मावशी?"

उत्तर नाही. उलट आवाज थांबला. आणि थांबलेला आवाज चालू आवाजापेक्षा वाईट, हे बाईंनी शेकडो मुलींना सांगितलं होतं.

दुसरी कुणी असती तर धडपडत उठली असती, आणि पडून नवा खुबा मोडून घेतला असता. बाई हलल्यासुद्धा नाहीत. पळता येत नसेल तर जागा सोडायची नाही, समोरच्याला पळायला लावायचं, हा त्यांचा धडा. घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी सगळी व्यवस्था करून घेतली होती. पलंग दाराकडे तोंड करून. वॉकर चांगल्या पायाच्या बाजूला. गळ्यात शिट्टी. आणि मावशी कपाळावर हात मारून घेत असतानाही त्यांच्याकडून उशापासून दाराखालच्या फटीतून स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत एक दोरी ओढून घेतली होती. दोरीच्या त्या टोकाला पातेल्यांच्या झाकणांची चळत.

"कोण आहे रे तिकडे? समोर ये!" बाई हॉलमधल्या आवाजात गरजल्या.

अर्धवट उघडं असलेलं त्यांच्या खोलीचं दार बाहेरून कुणीतरी खाडकन ओढून घेतलं.

क्षणभर बाई घाबरल्या. मग आला तो राग. त्यांनी छाती भरून शिट्टी फुंकली आणि दोरीला हिसडा दिला. स्वयंपाकघरात झाकणं अशी काही कोसळली, की घरात आणखी चार माणसं आहेत असं कुणालाही वाटावं. बाहेर काहीतरी जमिनीवर पडलं. मग एक बारीक आवाज, टक. पुन्हा एकदा टक. मग पावलं, मग बाहेरचं दार.

शिट्टी ऐकून खालचे काका गुडघे सांभाळत, धापा टाकत वर आले, तोवर जिना रिकामा होता. दाराबाहेर आकड्यांचं कुलूप असलेली एक डबी होती आणि तिच्यात घराची किल्ली. बाईंना उठून दार उघडता येत नाही म्हणून केलेली ही सोय. आकडे पाच जणांना माहीत: मुलगी, जावई, मावशी, व्यायाम करून घेणारा फिजिओ आणि हे काका. काकांना दार नीट बंद दिसलं आणि किल्ली डबीत, जिथल्या तिथे.

त्यांनी बाईंना वॉकर धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. बसल्याबसल्या बाईंचा हात सवयीने उजवीकडे चिमट्याकडे गेला आणि हवेतच राहिला.

चिमटा खुर्चीच्या डाव्या हाताला लटकत होता.

"काका, तुम्ही हलवलात का हा?"

"मी? मी कशाला हात लावू तुमच्या हत्यारांना?"

३

शनिवारी सकाळी खुर्चीत बसूनच दरबार भरला.

पहिल्या मावशी. रडून डोळे सुजलेले, पण हात चालूच. बाई जेवणाआधी बाहेरच बसल्या होत्या, तेव्हा चिमटा उजवीकडे होता. आत नेऊन झोपवल्यावर मावशींनी फरशी पुसली आणि त्या निघाल्या.

"फरशी पुसताना चिमट्याला हात लागला?"

"नाही बाई. खुर्चीला धक्का लावायचा नाही असं तुम्हीच बजावलंय."

"ज्या गोळ्या गेल्या त्या रोज माझ्या हातात कोण ठेवतं?"

"मीच की. म्हणून तर ताईंना संशय."

"म्हणून तर मला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या मांडीवरची चष्म्याची डबी घसरून खाली पडली. मावशींनी बोलता बोलता वाकून ती झटक्यात उचलली, पदराने पुसली आणि बाईंच्या हातात कोंबली. "सांभाळा. तुम्हाला वाकता येत नाही, माझी मेलीची कंबर तेवढी आहे अजून."

मग फिजिओ आला. तरतरीत पोरगा, बोलण्यात साखर आणि व्यायामात दयामाया शून्य.

"मॅडम, काल तुम्ही उठला नाहीत हे ऐकून मला इतका आनंद झाला! चोर परवडला, पडणं नाही."

"काल दुपारी तू कुठे होतास?"

तो हसायचा थांबला. "म्हणजे माझ्यावरही संशय?"

"सगळ्यांवर. तक्रार नको, उत्तर दे."

"एका आजोबांकडे होतो. पण ते दुपारी झोपलेले असतात, म्हणजे साक्षीला कुणी नाही." त्याने मान खाजवली. "गोळ्या मला हव्या असत्या तर डॉक्टरांकडून लिहून घेता आल्या असत्या, मॅडम. त्यांच्याच दवाखान्यात बसतो मी."

व्यायामाचा रबरी पट्टा बाईंच्या हातून सुटला. पोरगा पाठ सरळ ठेवून टाचांवर पुरता खाली बसला, पट्टा उचलला आणि तसाच सरळ वर आला. "हे असं उचलायचं असतं वजन. लोक पाठीतून वाकतात आणि मग आमच्याकडे येतात," त्याने ऐकवलं.

काका आले ते पेपर घेऊनच. त्यांचा गुडघ्यांचा त्रास अख्ख्या इमारतीला तोंडपाठ होता.

"कोचबाई, माझं ऐका. हा काही बाहेरचा चोर नाही. बाहेरचा चोर टीव्ही नेतो, कपाट उचकटतो. हा फक्त गोळ्या नेतो? याला घरातलं सगळं ठाऊक आहे." काकांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? त्या गोळ्या मीही मागणार होतो एकदा. गुडघे रात्रभर झोपू देत नाहीत हो."

"मग मागितल्या का नाहीत?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडलेच असते." पेपर बाईंच्या हातातून निसटला. काकांनी कण्हत, कुंथत, गुडघे काठीसारखे ताठ ठेवून कमरेतून सरळ वाकून तो उचलला. वर आल्यावर तोंड लालबुंद.

काका गेले आणि बाईंनी डोळे मिटून घेतले. तिघं झाले. मुलगी काल दुपारी शाळेत भरल्या वर्गासमोर उभी होती, तिचा प्रश्नच नव्हता.

उरला एक. आणि तो एक त्यांना नको होता.

४

जावई दुपारी हत्यारांची पिशवी घेऊन आले. दाराला आणखी एक कुलूप बसवायचं, हा त्यांचाच बेत.

"आता कुणाच्या बापाची हिंमत नाही आत यायची," ते म्हणाले. पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, जमिनीवर नाही. काम छातीच्या उंचीचं होतं. भोक पाडलं, पट्टी धरली, पहिला स्क्रू बसवला. दुसरा बोटांतून सुटला आणि टणटणत फरशीवर गेला.

जावयांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून नवीन काढला.

बाई बघत होत्या. हा माणूस एका वाया गेलेल्या खिळ्यासाठी कामगारांना अर्धा तास भाषण द्यायचा. त्याचे ते नाडीचे बूट कुठे गेले? कितीतरी दिवस झाले, पाय सरकवला की झाला अशाच चपला. बसा म्हटलं की गाडी खाली उभी.

"जावईबापू," त्या म्हणाल्या आणि चष्म्याची डबी पुन्हा एकदा खाली गेली. "आज हात काही धड नाहीत माझे. तेवढी देता?"

जावई आले. डबीपाशी थांबले. पायाच्या अंगठ्याने त्यांनी ती खुर्चीकडे सरकवली, आणखी थोडी सरकवली आणि आत हाक मारली, "मावशी, जरा आईंची डबी उचला हो. माझे हात खराब आहेत."

हात स्वच्छ होते.

मावशींनी डबी उचलली, जाता जाता तो स्क्रूही उचलला. बाईंना विजयी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. या घरात राहण्याच्या बाजूने असलेलं एकुलतं एक माणूस त्यांनी आत्ता पकडलं होतं. गप्प बसल्या, तर मावशी चोर ठरून जातील. बोलल्या, तर लेकीच्या संसारात वादळ, आणि वर त्यांची बाजू घेणारं कुणी उरणार नाही.

त्यांनी फार वेळ विचार केला नाही. मावशी आत बसून बाईंच्याच जेवणाची तयारी करत होत्या, आणि उद्या त्यांना हाकललं जाणार होतं.

"उद्या सकाळी सगळे या," बाई म्हणाल्या. "चोर सापडलाय."

जावयांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पट्टीवरून घसरला.

५

रविवारी खोली भरली. मुलीने बॅग उघडून सोफ्यावर ठेवली होती, म्हणजे निकाल काय लागणार हे तिच्या मनात ठरलेलंच होतं. काका आपली खुर्ची घेऊन आले होते. फिजिओ भिंतीशी, मावशी दारात, जावई चौकटीला टेकून.

"चोर किल्लीने आला आणि किल्ली परत ठेवून गेला," बाईंनी सुरुवात केली. "म्हणजे डबीचे आकडे माहीत असलेलं माणूस. इथवर आपण सगळेच हुशार. आता मला एक सांगा. मी शिट्टी फुंकली, झाकणं कोसळली, चोर घाबरला, त्याच्या हातातली पाकिटं खाली पडली. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?"

"वाकून उचलली असती आणि पळालो असतो," फिजिओ म्हणाला.

"मीसुद्धा," काका म्हणाले आणि मुलीने त्यांच्याकडे रोखून पाहिल्यावर घाईने म्हणाले, "म्हणजे, चोर असतो तर."

"या चोराने तसं केलं नाही. तो या खुर्चीपाशी आला, त्याने हा चिमटा काढला आणि चिमट्याने पाकिटं उचलली. एकदा टक. दुसऱ्यांदा टक. मी दाराआडून ऐकले ते हेच आवाज." त्यांनी चिमट्याची मूठ दाबून दाखवली. टक. मावशींनी दचकून हात छातीशी नेला. "मग घाईत तो जवळच्या हाताला अडकवला. डाव्या. शिट्टी वाजतेय, शेजारपाजार गोळा होईल, जीव मुठीत घेऊन पळायचं सोडून कोण चिमटा शोधत बसेल? ज्याला माझ्यासारखंच कमरेतून वाकता येत नाही, तोच."

"माझे गुडघे..." काका पांढरेफटक पडले.

"तुमचे गुडघे कामातून गेलेत, कंबर नाही. काल पेपर उचललात. मावशी तर झटक्यात वाकल्या. आणि हा पोरगा कसा खाली बसतो ते साऱ्यांना माहीत आहे." बाईंनी चिमटा मांडीवर ठेवला. "नाव मी घेणार नाही. ते त्यानेच घ्यावं. मुलींना मी नेहमी सांगते, समोरच्याला माघार घ्यायला एक वाट ठेवावी."

मुलगी एकेकाकडे बघत होती आणि शेवटी तिची नजर चौकटीपाशी जाऊन थांबली. नवऱ्याच्या पायांतल्या चपलांकडे तिने असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघतेय.

"मी होतो, आई," जावई म्हणाले.

"तू?" मुलगी उठून उभी राहिली. "दोन दिवस मी मावशींना चोर समजतेय आणि तू गप्प?"

"पाठ गेलीये माझी. बसलो की उठवत नाही. डॉक्टर म्हणाले आडवा हो, उचलणं बंद. मी बंद केलं तर माणसं कामाला उभी राहतील का? आईंच्या गोळ्यांनी जरा चालता-फिरता व्हायचो. भेटायला आलो की एखादी घ्यायचो. परवा सहन होईना, म्हणून दुपारचा आलो. वाटलं, आई झोपल्या असतील."

"केव्हापासून?"

जावयांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "हा पलंग वर चढवला ना, आई हॉस्पिटलातून यायच्या आदल्या दिवशी. जिन्याच्या वळणावर एका गड्याचा हात सुटला. सगळं वजन माझ्यावर आलं."

"आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? तू म्हणाली असतीस, आईच्या हट्टापायी झालं. आणि आई त्याच दिवशी निमूटपणे बॅग भरून तुझ्याकडे आल्या असत्या. आल्या असत्या की नाही, विचार त्यांना."

विचारायची गरज नव्हती. कोचबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या पलंगावरून त्यांनी चोर पळवला, तो त्यांच्यासाठी वर आणतानाच हा माणूस मोडला होता, आणि त्यांचं घर सुटू नये म्हणून तोंड दाबून बसला होता.

त्यांनी डोळे पुसले. मग हॉलमधला आवाज काढला.

"जावईबापू, इकडे या. आधी मावशींची माफी मागा. सगळ्यांसमोर."

जावयांनी हात जोडले. "मावशी, चुकलो. तुमच्यावर आलं आणि मी तोंड उघडलं नाही."

मावशींनी मान फिरवली, पण नाक ओढत म्हणाल्या, "दुखतंय तर सांगायचं होतं. पाठ शेकून दिली असती."

"आणि तुझं काय?" बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी उठली, मावशींपाशी गेली आणि त्यांचे दोन्ही हात धरून उभी राहिली.

"आता माझीही मागा," कोचबाई जावयांना म्हणाल्या. "गोळ्यांचं मला काही नाही. पण मी आत आडवी असताना तुम्ही बाहेरून दार ओढलंत. उठता न येणाऱ्या माणसाचं दार बाहेरून ओढायचं नाही, जावईबापू. मी घाबरले होते. मी."

"आई, तुम्ही मला बघाल म्हणून... चुकलं."

"झालं. संपलं."

६

"पण आई, आता तरी ये माझ्याकडे," मुलगी म्हणाली. आवाजात पहिला जोर नव्हता.

"कशाला? घरात माणूस शिरला, मी अंथरुणातून न उठता पळवला. रोज कपाटं उचलणारा गडी पळवला! मग खुर्चीतून न उठता पकडला. आणखी कुठली परीक्षा घ्यायची राहिलीये माझी?"

मुलीला हसू फुटलं, आणि मग ती रडायलाच लागली. "मला भीती वाटते गं, तू इथे एकटी."

"मलाही वाटते कधी कधी. म्हणून तर दोरी बांधलीये." बाईंनी तिचं डोकं जवळ ओढलं. "बॅग आणलीच आहेस तर भर. याचे कपडे भर. तुमच्या घराखाली त्याचं गोदाम, तो तिथे आडवा राहील होय? खाली कुणी कपाट हलवलं की हा धावणार. इथे मावशी आहेत, हा व्यायामवाला जल्लाद आहे, बाहेरच्या खोलीत सोफा आहे. आणि मी आहे. बघते कसा उठतो ते."

"मॅडम, दोन पेशंट एकाच घरात?" फिजिओने हात चोळले. "जाण्यायेण्याचा वेळ वाचला."

बॅग भरली गेली, पण उलट्या दिशेने. डबीचे आकडे बदलले. काकांनी नवे आकडे मला सांगू नका म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी स्वतःच विचारायला आले. डॉक्टरांनी जावयांना त्यांच्या स्वतःच्या नावाने गोळ्या लिहून दिल्या आणि वर चार शब्द सुनावले. धंदा बुडाला नाही. मालक नसताना माणसांनी एक आख्खं घर हलवलं, एक काचही न फोडता, आणि त्याचा जावयांना थोडा रागच आला.

आठवड्याने दोघं बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसले होते, ताठ, दोन्ही उंच खुर्च्यांत. कोचबाई जावयांना शिकवत होत्या: पाठ दुखत असताना कुणी अंगावर आलं तर काय करायचं. जागा सोडायची नाही. आवाज छातीतून काढायचा. बोलता बोलता मांडीवरची चष्म्याची डबी घसरून फरशीवर पडली. या वेळी खरोखरच निसटली.

दोघांनी डबीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून मावशी ओरडल्या, "मी येणार नाही हं!"

जावयांनी हात लांब करून चिमटा काढला, डबीवर नेला, मूठ दाबली. टक. डबी बाईंच्या हातात आली.

"छान," कोचबाई म्हणाल्या. "आता तो उजवीकडे अडकवा."